कोयता किती वजनाचा असावा? आधी ते वजन कुठे बसलंय ते बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जांबोटीच्या बाजूला घर, दीड एकर भात, बांधावर काजू आणि माणगा बांबूची चार-पाच बेटं. घरातला जुना कोयता काट्यावर ९५० ग्रॅम भरतो आणि अर्ध्या तासात मनगट धरतं. शिवाय महिन्यातून एकदा मित्रांबरोबर पारगड, महिपाळगड नाहीतर येळ्ळूरचा राजहंसगड. दुकानदारानं ४२० ग्रॅमचा, ५ मिमी जाडीचा चाकू दाखवून ‘जड तेवढा दणकट’ असं सांगितलं. ट्रेकवाले मित्र म्हणतात, १०० ग्रॅमच्या वर काही घेऊच नको. तेव्हा दोन्ही कामांना एकच हत्यार चालेल का, आणि ते किती वजनाचं घ्यावं?

आधी उत्तर देतो, कारणं मग. एकच हत्यार घेऊ नका. घरासाठी मुठीसकट ६०० ग्रॅमच्या आसपासचा, टोकाकडे पाठ उतरत, म्हणजे पातळ होत गेलेला कोयता करून घ्या. ट्रेकसाठी १०० ग्रॅमच्या आतला साधा चाकू घ्या. ४२० ग्रॅमचा तो चाकू दोन्ही कामांत कमी पडेल. हाणायला तो हलका आहे आणि कापायला जाड.

यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही काय तोडता, सलग किती वेळ तोडता, हत्यार किती लांब वाहून नेता आणि घरात ते आणखी कोण वापरतं, हे बदललं की आकडे बदलतात. निपाणी-चिकोडीकडे उसाला लागणारा कोयता आणि कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कारवी, रानमोडी साफ करायचा कोयता एकाच वजनाचा असून चालत नाही. म्हणून खालचे आकडे पाठ करण्यापेक्षा ते कुठून आले ते समजून घ्या. मग दुकानात किंवा लोहाराकडे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

मुळात ‘वजन’ या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पाठीवर वाहायचं वजन ही एक. हातात धरून पुन्हा पुन्हा उचलायचं वजन ही दुसरी. आणि घाव बसतो त्या क्षणी कामाला येणारं वजन ही तिसरी. तुमचे मित्र पहिल्याबद्दल बोलतायत, दुकानदार तिसऱ्याबद्दल. तुमचं मनगट दुखतंय ते दुसऱ्यामुळे, आणि त्याबद्दल दोघंही काही बोललेले नाहीत.

घावापासून सुरू करू. हाणायच्या हत्याराची ताकद वजन आणि वेग या दोन्हींतून येते. वजन दुप्पट केलं तर ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. यावरून वाटेल की हलकं हत्यार घेऊन जोरात फिरवावं. पण हाताच्या वेगाला मर्यादा आहे. ३०० ग्रॅमचं पातं असो की २०० ग्रॅमचं, हात जवळपास तेवढ्याच वेगानं फिरतो, कारण त्याला स्वतःचंच वजन फिरवायचं असतं. म्हणून फार हलक्या कोयत्याचा घाव वरवर बसतो आणि माणगा नुसता झुलतो. दुसऱ्या टोकाला, ८००-९०० ग्रॅमच्या वर गेलं की एका हातानं तेवढा वेग आणताच येत नाही. पहिले वीस घाव झकास बसतात, नंतर हात मंदावतो, आणि जड हत्यार मंद फिरवण्यात काहीच फायदा उरत नाही. एका हाताच्या कोयत्याला साधारण ५०० ते ७५० ग्रॅमचा पट्टा कामाचा. मनगट बारीक असेल किंवा घरी आई-वडीलही वापरणार असतील तर खालच्या बाजूला राहा.

आता उचलण्याचं वजन. मिनिटाला पंचवीस घाव धरले तर अर्ध्या तासात ७५० घाव होतात. तुमचा कोयता ६०० ग्रॅमच्या कोयत्यापेक्षा ३५० ग्रॅम जास्त आहे. ३५० ग्रॅम गुणिले ७५० म्हणजे २६२ किलोहून जास्त, आणि हे सगळं जादा उचललेलं. मनगट का धरतं ते इथे कळतं.

पण नुसता काट्यावरचा आकडा पुरेसा नाही. कोयता मनगटाभोवती फिरतो, आणि फिरणाऱ्या वस्तूत वजन मनगटापासून किती दूर आहे याचा परिणाम अंतराच्या वर्गानं वाढतो. मनगटापासून १५ सेंमीवर असलेले १०० ग्रॅम आणि ३० सेंमीवर असलेले १०० ग्रॅम काट्यावर सारखेच भरतात, पण ३० सेंमीवरचे फिरवायला आणि थांबवायला चौपट जड जातात. म्हणून ६५० ग्रॅमचे दोन कोयते शेजारी ठेवले तर एक हातात फुलासारखा वाटतो आणि दुसरा दगडासारखा.

हे घरी मोजता येतं, आणि मोजून बघाच. स्वयंपाकघरातला किंवा किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. काट्याच्या उंचीचा एक लाकडी ठोकळा शेजारी ठेवा. कोयत्याच्या मुठीचं शेवटचं टोक ठोकळ्यावर आणि पात्याचं टोक काट्यावर टेकवा. काट्यावर दिसेल तो टोकाचा भार. मग कोयता बोटावर आडवा धरून तो कुठे तोलतो तिथे खडूची खूण करा. ४२ सेंमी लांबीचा ६०० ग्रॅमचा कोयता मुठीच्या टोकापासून २० सेंमीवर तोलत असेल, तर टोकाचा भार २८५ ग्रॅमच्या आसपास येतो. तेवढ्याच लांबीचा ९५० ग्रॅमचा, २४ सेंमीवर तोलणारा कोयता असेल तर तोच भार ५४० ग्रॅमच्या वर जातो. वजन दीडपटीपेक्षा थोडं जास्त, पण टोकाचा भार जवळजवळ दुप्पट. मनगटाला हा दुसरा आकडा जाणवतो. दोन कोयत्यांत निवड करताना मी एकूण वजनाच्या आधी हाच आकडा बघतो.

हाणायच्या कोयत्याचा तोल मुठीच्या पुढे ५ ते ७ सेंमीवर असावा. त्याहून मागे आला तर घाव पोकळ बसतो, १० सेंमीच्या पुढे गेला तर हात लवकर थकतो. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. तोल पुढे गेलाय म्हणून काहीजण मुठीत शिसं भरतात किंवा मागे जाड लोखंडी कडं बसवतात. त्यानं बोटावरचा तोल मागे सरकतो खरा, पण पुढचं वजन होतं तिथेच राहतं. फिरवताना तेवढाच त्रास, वर एकूण वजन वाढलेलं. भार कमी करायचा तर तो पुढूनच काढावा लागतो.

पुढून काढायचा म्हणजे कसा, हे पोलादाच्या हिशेबानं सांगतो. पोलादाचा एक घन सेंटिमीटर साधारण ७.८५ ग्रॅम भरतो. २८ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि सगळीकडे ६ मिमी जाड पट्टी घेतली तर ८४ घन सेंमी, म्हणजे ६६० ग्रॅम. हे मुठीशिवाय. तीच पट्टी मुठीशी ६ मिमी आणि टोकाशी साडेतीन मिमी अशी उतरती केली, तर सरासरी जाडी पावणेपाच मिमी होते आणि वजन ५२० ग्रॅमवर येतं. धारेचा उतार काढल्यावर ते आणखी कमी होऊन ४५० ते ४६० ग्रॅम होतं. त्यावर मूठ, कडं आणि मुठीत शिरणारा दांड्याचा भाग मिळून दीडशे ग्रॅम धरा, म्हणजे झाले सहाशे. गेलेल्या वजनातला मोठा हिस्सा पुढच्या अर्ध्या भागातून गेलेला असतो. पातं मुठीशी जाडच राहतं, आणि वाकायचा-तुटायचा धोका तिथेच जास्त असतो.

मग पुढे घावाला जोर कुठून आणायचा? रुंदीतून. पातं मुठीशी ४ सेंमी आणि टोकाजवळच्या पोटाशी साडेपाच-सहा सेंमी असं ठेवलं की पुढे पुरेसं वजन राहतं, पण ते पातळ रूपात, त्यामुळे घाव आत शिरतो. जाडीतून आणलेलं वजन लाकडात पाचरीसारखं अडकतं. ओल्या काजूच्या फांदीत कोयता रुतून बसतो आणि दर घावाला हलवून काढावा लागतो, तो बहुतेक वेळा धारेमागे जाड असतो, बोथट नसतो. धारेच्या अर्धा सेंटिमीटर मागे कोयत्याची जाडी दोन-अडीच मिमीच्या वर असू नये. वर्षानुवर्षं नुसती कानस मारलेल्या कोयत्यात धार मागे सरकत जाते आणि जाड भाग पुढे येतो. तुमच्या जुन्या कोयत्यातही हे झालं असण्याची दाट शक्यता आहे.

लोहाराकडे जाताना ‘हलका कर’ एवढंच सांगू नका. तसं सांगितलं की रुंदी कापली जाते, आणि नेमकी तीच हवी असते. ‘पाठ उतरती कर, मुठीशी सहा, टोकाशी साडेतीन’ असं सांगा आणि शक्य झालं तर पुठ्ठ्यावर आकार कापून न्या. आपल्या भागातले बहुतेक लोहार ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात. चांगलं पोलाद आहे ते, चिवट, पाणी नीट घेणारं, म्हणजे तापवून विझवलं की कडक होणारं. फक्त पाटा मुळात जाड असतो आणि पुरेसा ठोकला नाही तर कोयता जाडच राहतो. पैसे खरे ठोकण्याच्या मेहनतीचे द्यायचे असतात, त्यात घासाघीस करू नका. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या बाजारात कन्नडमध्ये बोलावं लागलं तर सुऱ्याला कत्ती, विळ्या-कोयत्याला कुडुगोलु आणि कुऱ्हाडीला कोडली म्हणतात. एवढ्यावर भागतं.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ठोकल्यानं लोखंडाचं वजन कमी होत नाही, लोखंड फक्त सरकतं. जाडी कमी झाली की लांबी वाढते. ती वाढलेली लांबी तोडली नाही तर कोयता पातळ होतो, पण लांब होतो आणि टोकाचा भार उलट वाढतो. म्हणून पात्याच्या लांबीचा आकडा आधी ठरवून सांगा, २८ सेंमी. वरचं तोडायला लावा.

पातळ करायला ग्राइंडर वापरला तरी चालतो, पण सावकाश. पात्यावर निळी झाक आली की पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि तिथलं पाणी उतरलेलं असतं. तो भाग मग धार धरत नाही, बांबूच्या पेरावर लगेच मुडपतो. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवायचं. बोटाला चटका बसतोय असं वाटलं की थांबायचं.

पातळ करण्यालाही मर्यादा आहे. कोयत्याची धार दोन्ही बाजू मिळून ५० अंशांच्या आसपास ठेवा. ३० अंशांवर आणली तर पहिल्या दिवशी लोण्यासारखी चालते आणि वाळलेल्या माणग्याच्या पेरावर दुसऱ्या दिवशी दातरे पडतात. माणगा बराचसा भरीव असतो, पोकळ बांबूपेक्षा तो धारेला जास्त झिजवतो. वाळलेल्या काठीवर कोयता न चालवता करवत लावणं केव्हाही शहाणपणाचं.

करवतीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण वजनाच्या हिशेबात तिला कुणी विचारत नाही. १८-२० सेंमी पात्याची घडीची करवत दोनशे-अडीचशे ग्रॅम भरते. मनगटाएवढी फांदी ती मिनिटाभरात कापते, घाव चुकायचा प्रश्न नाही, पायाला धोका जवळजवळ नाही. तेच काम कोयत्यानं करायला बरेच घाव लागतात. काजूची छाटणी तर करवतीनंच करावी. कोयत्यानं तोडलेल्या फांदीची साल फाटते, जखम खडबडीत राहते आणि पावसात तिथे कूज शिरते. मोठी फांदी असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा कापायचा, मग थोडं पुढून वरून कापायचं, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या जरा बाहेरून कापायचा, खोडाला सपाट नाही.

कुऱ्हाडीबद्दल थोडक्यात. फांद्या तासायला ६००-७०० ग्रॅमचं डोकं आणि ४५-५० सेंमी दांडा पुरतो. सरपण फोडायला दीड किलोच्या आसपासचं डोकं आणि ७५ सेंमी दांडा, दोन्ही हातांनी. फोडण्यात जडपणा आणि जाडी दोन्ही कामाला येतात, कारण तिथे पाचरच हवी असते. ३०-३५ सेंमी दांड्याची छोटी कुऱ्हाड मात्र जपून वापरा. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर पुढे जमिनीत जाते. छोट्या कुऱ्हाडीचं वर्तुळ नेमकं नडगीवर संपतं. ती वापरायची तर गुडघा टेकून आणि खाली ओंडका ठेवून. दांडा धामणीचा मिळाला तर घ्या, हादरा चांगला सोसतो. नाही तर बाभूळ. उन्हाळ्यात दांडा आकसून डोकं नेढ्यात (दांडा शिरतो त्या भोकात) हलायला लागतं, तेव्हा रात्रभर पाण्यात ठेवायची सवय सगळीकडे आहे. त्यानं दांडा फुगतो, दुसऱ्या दिवशी वाळला की आधीपेक्षा ढिला होतो, कारण फुगताना लाकडाचे तंतू चेपलेले असतात. नवी पाचर मारा आणि नेढ्यातून दिसणाऱ्या लाकडाला जवसाचं तेल मुरेपर्यंत लावा.

शेतातल्या बाकीच्या हत्यारांत वजनाचा न्याय उलटसुलट होतो. पहारीचं वजन हेच तिचं काम आहे. २५ मिमी जाड, दीड मीटर लांब गोल पहार पावणेसहा किलोची होते. आपल्याकडच्या जांभ्यात खड्डा काढायला ती लागते, कारण तिथे हातानं जोर लावायचा नसतो, पहार उचलून सोडायची असते. हलकी पहार घेतली की माणूस ती दाबायला लागतो आणि कंबर जाते. टिकावाचंही तेच. फावड्याचं मात्र वेगळं. भाताच्या चिखलात किंवा पूर्वेकडच्या काळ्या मातीत फावड्याला चिकटणारी माती फावड्याहून जड होते. तिथे शंभर ग्रॅम हलकं फावडं शोधण्यापेक्षा गुळगुळीत घासलेलं पातं घ्या आणि दर थोड्या वेळानं काठीनं खरवडा. खुरपं आणि विळा ही ओढून कापायची हत्यारं, त्यात वजनाला काही काम नाही. तिथे जितकं हलकं तितकं चांगलं, फक्त मूठ जाड हवी. बारीक मुठीवर बोटं घट्ट आवळावी लागतात आणि भांगलणाऱ्या बायकांचे हात वजनापेक्षा त्या आवळण्यानं जास्त दुखतात. ३२-३५ मिमी जाडीची मूठ बहुतेक हातांना बसते. भात कापायला दातेरी वैभव विळा घेतला तर धार लावायची कटकटही उरत नाही.

आता तुमचा ट्रेक. चाकू हाणायचं हत्यार नाही, तो ओढून आणि दाबून कापतो. म्हणजे त्याला वजन लागत नाही, पातळपणा लागतो. १० सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद पातं ५ मिमी जाड असेल तर ९८ ग्रॅम होतं, ३ मिमी असेल तर ५९ ग्रॅम. हा ३९ ग्रॅमचा फरक पाठीला कळणारही नाही. पण कांदा चिरायला घ्या. ५ मिमीचं पातं कांदा कापत नाही, फोडतं. अर्धं आत गेलं की दोन फाका तडकून बाजूला होतात. दोर कापायला, लिंबू चिरायला, काठीचं टोक काढायला दोन ते तीन मिमी जाडी पुरते. मोरा या स्वीडिश कंपनीच्या ‘कंपॅनियन’ चाकूचं पातं १०.४ सेंमी लांब आणि अडीच मिमी जाड आहे, आणि जगभर लोक तो जंगलकामाला वापरतात. धार दोन्ही बाजू मिळून ३५-४० अंश ठेवा.

५ मिमीचा चाकू विकताना ‘लाकूड फोडता येतं’ असं सांगतात. चाकू लाकडावर ठेवून वरून दुसऱ्या लाकडानं ठोकायचं, अशी ती पद्धत. येतं, पण तुम्हाला ते कुठे करायचंय हा प्रश्न आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा आहे. तिकडे वाट असेल तेव्हा आधी वनखात्याला विचारा. किल्ल्यांवर आणि राखीव जंगलात फांद्या तोडून चूल पेटवू नका, गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. एकदा हे ठरलं की ट्रेकमधलं हाणायचं काम संपतं आणि मोठ्या हत्याराचं वजनही आपोआप संपतं. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा वेगळा वर्ग आहे. घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. कोयता शेतात शेतीचंच हत्यार असतो, पण तोच एसटी स्टँडवर उघडा घेऊन उभं राहिलात तर प्रश्न विचारले जाणारच. पोत्यात गुंडाळून, बांधून न्या.

मित्रांच्या ग्रॅमच्या हिशेबाबद्दल. मुक्कामाच्या ट्रेकला पाठीवर आठ-दहा किलो असतं. ४२० ऐवजी ९० ग्रॅम चाकू नेला तर ३३० ग्रॅम वाचतात, म्हणजे साधारण एक पेला पाणी. पाठीवर हा फरक मोठा नाही. तोच चाकू कमरेला लटकवला तर मात्र चढावर दर पावलाला मांडीवर आपटतो, पट्टा एका बाजूला ओढतो. वजन किती यापेक्षा ते कुठे बांधलंय हे इथेही महत्त्वाचं ठरतं. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे लोक कोयती आकडीत अडकवून पाठीमागे कमरेच्या मधोमध ठेवतात ते याचसाठी. तिथे ती चालताना हलत नाही आणि पडलात तरी पोटाकडे येत नाही. चामड्याचं जाड म्यान सव्वाशे ग्रॅमपर्यंत जातं आणि पावसात भिजून आणखी जड होतं. ओल्या चामड्यात पातं ठेवलं तर एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात. पावसाळ्यात प्लास्टिकचं म्यान बरं.

गटाचाही विचार करा. चौघांनी प्रत्येकी ७०० ग्रॅमचा कोयता नेला तर २८०० ग्रॅम. चौघांकडे ८० ग्रॅमचे चाकू आणि मिळून एक २२० ग्रॅमची घडीची करवत असेल तर ५४० ग्रॅम, माणशी १३५. वाटेवर आडवं पडलेलं झाड बाजूला करायची वेळ आली तर त्या एका करवतीनं भागतं.

सुरक्षिततेतही वजनाचा हात आहे. हवेत फिरवलेला कोयता मध्येच थांबवता आला पाहिजे. दुकानात मोकळी जागा बघून अर्ध्या वेगानं फिरवा आणि मध्येच थांबवायचा प्रयत्न करा. थांबला नाही, पुढे निसटून गेला, तर तो तुमच्या हाताला जड आहे, काट्यावर काहीही दाखवू दे. घाणेरीची झुडपं तोडताना फांदी मऊ लागते, घाव अपेक्षेपेक्षा सहज आरपार जातो आणि राहिलेला सगळा जोर पायाकडे येतो. कोयत्याच्या बाजूचा पाय मागे ठेवून उभं राहायचं आणि घाव शरीरापासून बाहेर जाईल असा मारायचा. पावसात मूठ निसरडी होते. तिच्यावर दुचाकीच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी ताणून गुंडाळा. तीस-चाळीस ग्रॅम वाढतात, पण ते मनगटापाशी असल्यामुळे फिरवताना जाणवत नाहीत. कोयत्याला दोरी लावून ती मनगटात अडकवू नका. हातातून सुटलेला कोयता दोरीला लटकून स्वतःच्याच हातावर उलटतो.

तुमचा जुना कोयता टाकू नका. पोलाद चांगलं असल्याशिवाय तो इतकी वर्षं टिकला नसता. आधी आजचं एकूण वजन, तोलाची जागा आणि टोकाचा भार हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या. मग लोहाराकडून पाठ उतरती करून, पात्याची लांबी २८ सेंमीला तोडून, पुन्हा पाणी देऊन पाजवून घ्या. सगळं नीट झालं तर मुठीसकट ६५०च्या आसपास यायला हवा. परत आणल्यावर तेच तीन आकडे पुन्हा घ्या. टोकाचा भार ३२०-३३०च्या आत आला असेल तर अर्धा तास सलग काम करून बघा. मनगट अजूनही धरत असेल तर टोकाकडून आणखी एक सेंटिमीटर कापून घ्या. आणि हाताला बसला की ते आकडे मुठीवर आतल्या बाजूला खिळ्यानं कोरून ठेवा. पुढचा कोयता करायला टाकाल तेव्हा लोहाराला तेच दाखवायचे.